चहा सोडतांना डोकें कां दुखतें?

सकाळचा चहा तासभर लांबला कीं वडील मंडळींचें डोकें दुखूं लागतें, असें घर आपल्या जामखेडांत शोधीत हिंडावें लागत नाहीं. कॉफी येथें पाहुण्यारावळ्यांपुरतीच. चहा मात्र एकादशीच्या उपासालाही चालतो! 'चहाशिवाय अंगांत शक्ति येत नाहीं,' हें वाक्य तर आबालवृद्धांच्या तोंडीं आहे. ही शक्ति कोठून येते, तें थोडें पाहूं.

ही संवय कांहीं पुरातन नाहीं. 1903 सालीं चहा-उपकराचा कायदा झाला व त्या पैशांतून देशभर चहाचा प्रचार करण्यांत आला. 1930 नंतरच्या मंदींत तो अधिकच जोरानें चालला. चहाची तलफ आपल्या खापरपणज्यांस ठाऊक नव्हती, ती शिकवावी लागली.

चहा व कॉफी या दोहोंतील उत्तेजक द्रव्य एकच, कॅफीन. रुंगे नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञानें तें 1819 सालीं कॉफीच्या बियांतून वेगळें काढलें. आपण जागे असतों तोंवर मेंदूंत ॲडेनोसिन नांवाचें द्रव्य सांचत जातें, आणि तें आपल्या ठराविक जागीं जाऊन बसलें म्हणजे थकवा जाणवतो. कॅफीन त्या जागा आधींच अडवून ठेवतें. थकवा असतोच, त्याची वर्दी तेवढी पोंचत नाहीं. रोज असें होऊं लागलें म्हणजे मेंदू त्या जागा वाढवितो. मग एखादे दिवशीं चहा चुकला, कीं ॲडेनोसिनास सगळें रान मोकळें सांपडतें, मेंदूंतील रक्तवाहिन्या रुंदावतात व डोकें ठणकूं लागतें. सकाळच्या पहिल्या घोटाची तरतरी ही पुष्कळ अंशीं ह्या दुखण्याचाच उतार होय.

दुखणें शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत सुरू होतें, पहिले एक-दोन दिवस जोरांत असतें, आणि बहुधा 2 ते 9 दिवसांत आपोआप थांबतें. दुर्दैव असें कीं, पुष्कळांचा निश्चय दुसऱ्याच दिवशीं मोडतो. डोकेदुखीच्या कित्येक गोळ्यांतही कॅफीन असतें. गोळीवरील अक्षरें वाचल्यावांचून ती घेऊं नये.

आतां परीक्षार्थ्यांविषयीं. मोठ्या माणसाच्या शरीरांतील कॅफीन निम्में होण्यास सुमारें 5 तास लागतात. रात्रीं दहास घेतलेल्या चहाचा निम्मा अंमल पहांटे तीनलाही राहतो. झोंप उथळ होते, आणि वाचलेलें पक्कें व्हावयास तर गाढ झोंपच हवी.

मुलींच्या मातांस एक विशेष विनंति. चहांतील तुरट द्रव्यें भाकरी, डाळ व पालेभाज्या यांतील लोह अंगीं लागूं देत नाहींत. म्हणून चहा-भाकरीची न्याहारी बंद करावी. जेवण व चहा यांत निदान एक तासाचें अंतर असावें. आरोग्याचें पुष्कळसें काम दवाखान्याबाहेर, घरोघरीं होतें, हें 1970 पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं ह्याच भागांतील खेड्यांतल्या स्त्रियांस शिकवून जगास दाखविलें आहे.

गांधीजींनीं 1942 सालीं आगाखान पॅलेसमध्यें स्थानबद्ध असतांना आरोग्यावर जें पुस्तक लिहिलें, त्यांत चहा-कॉफी शरीरास अनावश्यक ठरविली आहे. मी इतका कडक नाहीं; निरोगी प्रौढानें दिवसाकाठीं दोन कप घेतले तर माझी तक्रार नाहीं. मुलांस मात्र एकही नको.

सोडणाऱ्यानें एकदम सोडूं नये. प्रथम रात्रीचा कप बंद करावा, चार दिवसांनीं तिसऱ्या प्रहरचा, शेवटीं सकाळचा. तोही आधीं निम्मा करून. आरंभ सुटींत करावा, परीक्षेच्या तोंडावर नव्हे. हातास गरम कपाची संवय असते, म्हणून गवती चहा व आलें घालून पाणी उकळावें. नांव चहाचें असलें तरी गवती चहांत कॅफीन नसतें. उन्हाळ्यांत ताक उत्तम.

खरी अडचण परक्या घरीं येते. नको म्हटलें तर यजमानीणबाई रागावतात, आणि 'अर्धाच द्या' म्हटलें तरी कप भरूनच येतो. अशा वेळीं शेजारच्या पाहुण्यास बशी पुढें करावयास सांगावें.