भंडाऱ्यात काय खाल? आधी धानाच्या बांधीत बघा

भंडाऱ्यात खास इथलं जेवण कुठे मिळेल, असं विचारलंत तर कुणीही झणझणीत रस्सा आणि मडक्यावरची लांब रोटी सुचवेल. जरूर खा. पण ती नागपुरातही मिळते. अस्सल या मातीतलं हवं असेल तर हॉटेलची पाटी शोधू नका. डिसेंबरात लाखनी, साकोली, लाखांदूरकडे निघा आणि धान कापलेल्या एखाद्या बांधीत डोकावा.

धान घरी गेलं, पाणी आटलं, नांगर फिरलेला नाही, मोटर लावलेली नाही. तरी बांधी हिरवीगार! ही लाखोळी, एक कडधान्य. ती पेरली कधी?

गंमत इथेच आहे. धान उभं असतानाच, कापणीच्या साधारण दोन आठवडे आधी, कास्तकार त्या पिकातच लाखोळीचं बी फेकून देतो. खाली चिखल अजून ओला असतो, बी धानाच्या सावलीत रुजतं. मग धान कापलं जातं, ऊन खाली पोचतं आणि इवलीशी रोपं भराभर वर येतात. याला म्हणतात उतेरा. धानाला पाजून उरलेल्या ओलीवर अख्खं दुसरं पीक! वर मुळांच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पकडून जमिनीत ठेवतात, ते वेगळंच.

आता ताटाकडे या. शेंगा धरण्याआधी बाया कोवळे शेंडे खुडतात. खुडलं की रोप आणखी फुटतं, म्हणजे भाजी घ्या आणि पीकही वाढवा. बारीक चिरून लसूण-लाल मिरचीच्या फोडणीत परतली की झाली लाखोळीची भाजी. उरलेली उन्हात वाळवून ठेवायची, ती उन्हाळ्यात उपयोगी येते. शेंगा वाळल्या की डाळ. तिचं वरण होतं, आणि वडे तर असे की पहिला घाणा ताटापर्यंत पोचतच नाही.

आणि याच दाण्यात एक विष आहे!

दचकू नका, नीट ऐका. त्याचं नाव ओडॅप. आपल्या मज्जापेशी एकमेकींना निरोप धाडायला ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ओडॅप त्याचा तोतया. पेशी फसते, पेटून उठते आणि थांबतच नाही. शेवटी दमून मरते. पाय हलवणाऱ्या पेशींवर हा घाला पडतो आणि पाय ताठ होतात, ते कायमचे. पण हे अधूनमधून वडे खाऊन होत नाही. महिनोन्‌महिने पोट मुख्यतः याच डाळीवर भरलं, तर होतं. असं कोण खातं? दुष्काळात सापडलेला माणूस. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धचित्रांत एक चित्र याच धान्याचं आहे: 1811-12 चा माद्रिदचा दुष्काळ, आणि जमिनीवर पडलेली, उठू न शकणारी बाई.

याहून क्रूर गोष्ट पुढे आहे. पाण्याचा ताण पडला की दाण्यातलं ओडॅप वाढू शकतं. म्हणजे इतर सगळी पिकं जळून फक्त लाखोळी हाती लागते, नेमक्या त्याच साली ती जास्त घातक! झाडाने इतका वाईट मुहूर्त साधावा?

आपल्याकडे 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदीचा नियम आला. खाणारे खातच राहिले, भाव मात्र पडला, आणि तो भुर्दंड कास्तकारानेच सोसला. नागपूरच्या डॉ. शांतीलाल कोठारींनी या बंदीविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला. महाराष्ट्राने 2008 मध्ये बंदी उठवली. दरम्यान शास्त्रज्ञांनी कमी ओडॅपची वाणं काढली: दिल्लीची रतन, रायपूरची प्रतीक आणि महातिवरा. शिवाय घरचा उपायही आहेच. हे विष पाण्यात विरघळतं, म्हणून डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिलं की बरंचसं निघून जातं. मला विचाराल तर, जिथे भाताबरोबर चार भाज्या आणि तळ्यातली मासळी असते, तिथे लाखोळीला घाबरण्याचं कारण नाही. स्पेनमधल्या ला मांचातही याच डाळीच्या पिठाची गाचास नावाची दाट पेज लोक आजही चवीने खातात.

तर, खायचं कुठे? खानावळीच्या रोजच्या ताटात लाखोळी क्वचितच दिसेल, पण आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर कुणी करून देईलही. आठवडी बाजारात जानेवारीपर्यंत भाजीचे ढीग असतात. घेऊन कुणाच्याही चुलीवर टाका. सगळ्यात सोपा मार्ग शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या दिवसांत एखाद्या गावी ओळख काढण्याचा. तेव्हा घरोघरी पाहुणे असतात, आणि दोन ताटं जास्तीची वाढायला कुणाची हरकत नसते. फक्त वडे दुसऱ्यांदा मागायला लाजू नका.