विशेष शिक्षक करतात काय?

समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक एकाच शाळेचे नसतात. उमरीसारख्या तालुक्यात आज या गावची शाळा, उद्या तांड्यावरची. कमी दिसणाऱ्या मुलाला पुढच्या बाकावर आणायचं, ठळक अक्षरांची पुस्तकं मिळवायची, वर्गशिक्षकांसोबत त्याच्यापुरता अभ्यास आखायचा. जे मूल शाळेत येऊच शकत नाही, त्याचा धडा घरी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. एकाच माणसाने सगळ्यांत पारंगत असावं, ही अपेक्षा जरा जास्तच! राज्याने २०२४मध्ये विशेष शिक्षकांच्या ४,८६० पदांना मान्यता दिली. २०१६च्याच कायद्यानुसार ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना ६ ते १८ वयात शिक्षण मोफत आहे. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र नसलं तरी पालकांनो, आधी मुख्याध्यापकांना भेटा.