चौदा दिवसांचा शेजार

लेकीला शाळेत सोडायला आम्ही लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या काठाने जातो. तिथे लांबट, चिंचोळ्या नावा बांधलेल्या असतात. टपावर कुंड्या, सायकली, जळणाची लाकडं. मला वाटायचं, हौशी मंडळी सुट्टीला आली असतील. मग लेकीच्या मैत्रिणीच्या आईने चहाला बोलावलं, ते अशाच एका नावेत! जेमतेम सात फूट रुंदीत चौघांचा संसार.

तिच्या नावेला कायमची बांधायची जागा नाही. अशा नावेने एका ठिकाणी सलग चौदा दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असा १९९५चा कायदा आहे. आजारपण, बर्फ अशा वाजवी कारणाने मुदत वाढते. पण किती मैल पुढे जायचं, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. ते ठरवतो कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट. इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांचा कारभार २०१२ पासून त्याच्याकडे आहे. नाव पुरेशी हलली नाही असं वाटलं, तर परवाना सहाच महिन्यांचा मिळतो किंवा नाकारलाही जातो. विनापरवाना नाव शेवटी हलवली जाऊ शकते. एप्रिल २०२४ पासून अशा नावांना जादा शुल्कही आहे.

ट्रस्टचीही बाजू आहे. दोनशे वर्षांच्या जुन्या कालव्यांची डागडुजी महाग, काठ सगळ्यांचा आणि लंडनमध्ये नावांची दाटी. पण नाव फिरती असली तरी मुलांची शाळा फिरती नसते! चौदा दिवसांनी ही बाई कधी दोन बस बदलून मुलांना आणते, पण शाळा चुकवत नाही. शिक्षिका होते म्हणून सांगते, अशा पालकांना मी मनोमन नमस्कार करते.

मध्यंतरी एका दवाखान्यात तिच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला. मी सोबत होते. नाव नोंदवायला तो सक्तीचा नाही, हे एनएचएसचंच म्हणणं मी फोनवर काढून दाखवलं. अर्ध्या तासाने नोंदणी झाली. मला आमचे इथले पहिले दिवस आठवले. पत्ता नाही म्हणून बँकेत खातं नाही, खातं नाही म्हणून घर नाही. तुमच्यापैकी किती जणांनी हे सोसलंय! आमचं ते तीन महिन्यांत संपलं. तिचं दर चौदा दिवसांनी नव्याने सुरू होतं.

यंदा तिला फराळाचा डबा द्यायचाय. चकल्या तयार आहेत. नाव कुठे लागली आहे, तेवढं सकाळी शाळेच्या फाटकाशी विचारायचं.