गिऱ्हाइकाची माहिती हीसुद्धा ठेवच

कोणी विश्वासाने चार दागिने पेढीवर ठेवून गेला, तर आपण त्यांचे मालक नव्हे, केवळ राखणदार असतो, हे व्यापाऱ्याच्या घरातील मुलालाही उमगते. आज प्रत्येक दुकानात आणखी एक ठेव नित्य जमा होत आहे: गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, क्वचित आधारपत्राची प्रतही. या ठेवीचा हिशोब फारसा कोणी ठेवीत नाही, म्हणून हा विषय आम्ही सभासदांपुढे मांडीत आहोत.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुढे २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याखालील नियम प्रसिद्ध झाले व मुख्य बंधनांच्या अंमलासाठी तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. नुसत्या कागदी वहीस हा कायदा लागू नाही. मात्र तीच नोंद संगणकात उतरली की लागू होतो.

नियमांचे सार असे. माहिती कशासाठी हवी, हे सोप्या भाषेत सांगावे. गिऱ्हाइकास ते मराठीतून वाचावयास मिळण्याची सोय असावी. संमती देणे जितके सुलभ, तितकेच ती परत घेणेही सुलभ असावे. काम संपले आणि करासारख्या अन्य कायद्याने जपणे भाग नसेल, तर माहिती पुसून टाकावी. माहिती फुटल्यास संबंधित गिऱ्हाइकांस व सरकारी मंडळास विनाविलंब कळवावे. मंडळास सविस्तर वृत्त ७२ तासांत द्यावे. सुरक्षिततेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

कायद्यातच औषधाच्या दुकानाचा दाखला आहे. पावती मोबाइलवर मिळावी म्हणून गिऱ्हाइकाने आपण होऊन क्रमांक दिला, तर तो पावतीपुरताच वापरता येतो. त्याच क्रमांकावर दिवाळीच्या सवलतीची जाहिरात धाडणे, अथवा ती यादी दुसऱ्या दुकानदारास देणे, हे त्या संमतीत बसत नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच: विक्रीस आवश्यक तेवढेच विचारावे, आधारपत्राच्या निष्कारण प्रती घेऊ नयेत, संगणकाच्या किल्ल्या मोजक्या हाती ठेवाव्यात आणि नोकर सोडून गेला की त्या त्याच दिवशी बदलाव्यात. दंड कितीही मोठा असो, एकदा गेलेली पत त्याहून महाग पडते.