मेरिट नंबर आणि मिरजेचा पत्ता

नीटचा निकाल लागला की मिरजेत घराघरांत एकच चौकशी सुरू होते. "साडेपाचशे पडलेत, आपल्या सरकारी मेडिकलला लागेल का?" विचारणारा कधी मामा असतो, कधी क्लासचा सर, कधी दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर बसलेला अनोळखी माणूस. प्रत्येकाकडे उत्तरही तयार असतं, कारण प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी तेवढ्याच मार्कांवर डॉक्टर झालेला असतो. मार्क तेवढेच असतील, पण वर्ष वेगळं असतं, आणि सगळी गोची तिथेच होते.

२०२४ची नीट आठवा. फेरनिकालानंतरही ७२० पैकी ७२० गुण मिळवणारे १७ जण उरले आणि ६५०च्या वर गुण असलेली मुलं हजारोंनी होती. पुढच्याच वर्षी, २०२५ला, पेपर कडक निघाला. देशात पहिला आला त्याला ६८६ गुण होते आणि साऱ्या देशात ६५०च्या वर फक्त ७३ जण होते. म्हणजे २०२४ला ६५० मिळवणारा मुलगा गर्दीत होता, २०२५ला तेवढेच मिळवणारा थेट शिखरावर. जो काका "सहाशेच्या खाली काही खरं नाही" म्हणतो, तो बहुधा २०२४च्या हिशेबाने बोलत असतो. गुणांवरून जागेचा अंदाज बांधता येत नाही. तो बांधायचा तर रँकवरून, आणि त्यातही राज्याच्या गुणवत्ता यादीतल्या नंबरावरून. म्हणून साडेपाचशे ऐकल्यावर पुढचा प्रश्न "कितवा नंबर?" असा हवा. यादी लागेपर्यंत त्याचं उत्तर कुणाकडेच नसतं, क्लासच्या सरांकडेही नाही.

"नीट क्वालिफाय झाला" हे वाक्यही फसवं आहे. पेढे वाटावेत, त्याला ना नाही. पण क्वालिफाय होणं म्हणजे रांगेत उभं राहायची परवानगी. २०२५ला खुल्या गटासाठी ही रेषा १४४ गुणांवर होती, ७२० पैकी. देशात १२ लाखांहून जास्त मुलं ती ओलांडून गेली. एमबीबीएसच्या जागा, सरकारी, खाजगी, अभिमत सगळ्या धरून, सव्वा लाखाच्या आसपास. म्हणजे क्वालिफाय झालेल्या दहांतल्या साधारण नऊ जणांना त्या वर्षी एमबीबीएसची जागा मिळणारच नव्हती.

आता मिरजेचा सगळ्यात लाडका गैरसमज: आपलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२पासून इथे आहे, तेव्हा मिरजेच्या मुलांना तिथे थोडं झुकतं माप असणार. तसं काही नाही. जिल्ह्याचा कोटा नाही, तालुक्याचा नाही, शहराचा तर नाहीच. पूर्वी राज्याचे विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग करून ७० टक्के जागा त्या-त्या भागातल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना देत. ज्येष्ठ मंडळींच्या डोक्यात अजून तेच बसलंय. ती पद्धत सप्टेंबर २०२०मध्ये रद्द झाली. आज मिरजेच्या २०० जागांपैकी १५ टक्के, म्हणजे ३०, अखिल भारतीय कोट्यात जातात. तिथे केरळचा मुलगाही येतो आणि राजस्थानचाही. उरलेल्या १७० राज्याच्या यादीतून, आरक्षणाच्या नियमांनुसार भरतात. त्या यादीत गडचिरोलीची मुलगी आणि मिरजेच्या ब्राह्मणपुरीतली मुलगी यांच्यात पत्त्यामुळे काहीही फरक पडत नाही. घर कॉलेजच्या कंपाउंडला लागून असलं तर फायदा एवढाच, की प्रवेश मिळाल्यावर डबा घरचा.

याच्या उलट सांगलीचं भारती विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय. मिरजेहून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, पण प्रवेशाचा दरवाजा पूर्ण वेगळा. ते अभिमत विद्यापीठाचं कॉलेज असल्यामुळे तिथली प्रक्रिया दिल्लीची समिती देशपातळीवर चालवते. महाराष्ट्राचा ८५ टक्के कोटा तिथे नसतो. फीसुद्धा सरकारी कॉलेजच्या कैकपट. राज्याच्या सीईटी सेलकडे अर्ज भरून "सांगलीचं भारतीही त्यात येईल" म्हणून गाफील राहिलेल्या घरांना ही गोष्ट फार उशिरा कळते.

मिरज जंक्शन आहे आणि सीमेवर आहे. कागवाडकडचा रस्ता धरला की पुढे कर्नाटक. त्यामुळे इथल्या मुलांची बारावी कुठे होते हा इथे रोजचा विषय. कुणी बेळगाव-धारवाडला जातं, कुणी राजस्थानातल्या कोट्याला, कुणी हैदराबादला. तिथे 'डमी' कॉलेजात नाव आणि दिवसभर क्लास. पालकांना वाटतं, डोमिसाईल महाराष्ट्राचं आहे ना, मग काळजी कसली. मेडिकलला ही काळजीचीच गोष्ट आहे. राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी डोमिसाईलबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेली असावी लागतात. अपवाद आहेत, सैन्यातल्या आणि बदलीच्या सरकारी नोकरीतल्या आईवडिलांच्या मुलांसाठी वगैरे, पण ते मोजके. दुसऱ्या राज्यात बारावी केलेल्या मिरजेच्या मुलाला मिरजेच्या त्या १७० जागांसाठी रांगेतच उभं राहता येत नाही, आणि हा निर्णय झालेला असतो अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी, दोन वर्षं आधी. कोट्याला पाठवायला माझा विरोध नाही, पण फी भरण्याआधी नाव कोणत्या राज्यातल्या कॉलेजात लागणार आहे एवढं तरी विचारा.

इंजिनिअरिंगला नियम सैल आहे. बारावी बाहेर झाली तरी मुलाचं किंवा आईवडिलांचं महाराष्ट्राचं डोमिसाईल असलं तर राज्याच्या यादीत बसता येतं. सीमाभागातल्या, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी मातृभाषा असलेल्या मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे. मात्र तिथे दुसरी मेख आहे, ती होम युनिव्हर्सिटीची. खाजगी, विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतल्या बऱ्याच जागा त्या विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी असतात आणि हे क्षेत्र सहसा बारावी कुठून केली त्यावरून ठरतं. सांगली, सातारा, कोल्हापूरची मुलं शिवाजी विद्यापीठाची. तीच मुलं बारावीला लातूरला गेली की नांदेडच्या विद्यापीठाची होतात, पुण्याला गेली की पुण्याची. पुण्यातल्या संलग्न कॉलेजांवर डोळा असेल तर हे पथ्यावरही पडतं.

सांगलीतल्या विश्रामबागच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला मात्र होम युनिव्हर्सिटीचं हे लागू नाही. १९४७ला सुरू झालेलं आणि १९५५ला वालचंद नाव घेतलेलं हे कॉलेज अनुदानित आणि स्वायत्त आहे, आणि त्याच्या जागा राज्यपातळीवर भरतात. सांगली-मिरजेची मुलं "आपलं वालचंद" म्हणतात खरी, पण त्या जागांसाठी नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची मुलं त्यांच्याच शेजारी उभी असतात.

इंजिनिअरिंगसाठीच्या राज्याच्या सीईटीतल्या पर्सेंटाइलबद्दल घरोघरी जो गोंधळ चालतो, तो ऐकून गणिताच्या शिक्षकांना काय वाटत असेल कोण जाणे. ९५ पर्सेंटाइल म्हणजे ९५ टक्के नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की परीक्षा देणाऱ्या शंभरांतले सुमारे ९५ तुमच्या मागे किंवा बरोबरीने आहेत. ऐकायला छान वाटतं. पण पीसीएमला समजा ४ लाख मुलं बसली, तर ९५ पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे २० हजार जण आहेत. ९९ला ४ हजार. ९९.५ला २ हजार. वरच्या टोकाला अर्ध्या पर्सेंटाइलने जेवढी माणसं पुढे-मागे होतात, तेवढ्यात वालचंदची कॉम्प्युटर शाखा येते आणि जाते. शिवाय परीक्षा अनेक सत्रांत होते, म्हणून कच्च्या गुणांची तुलना करून मैत्रिणीशी भांडण्यात अर्थ नाही. तिच्या सत्राचा पेपर वेगळा होता. एक गोष्ट मात्र मुलं स्वतःच विसरतात: २०० गुणांपैकी १०० एकट्या गणिताचे आहेत आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न कोरा सोडून येणारा मुलगा सावधपणा करतोय असं त्याला वाटतं, प्रत्यक्षात तो फुकटची संधी टाकून येतो.

मग येतो कटऑफ. अनेकांना वाटतं की तो कॉलेज आधी जाहीर करतं. कॉलेज काहीच ठरवत नाही; शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा नंबर म्हणजे कटऑफ, आणि तो फेरी संपल्यावरच कळतो. गेल्या वर्षीची यादी अंदाजाला बरी, पण ती वाचता यायला हवी. त्यात जीओपनएस, एलओपनएच असली अक्षरं असतात. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठी राखीव. शेवटचं एस म्हणजे राज्यपातळी, एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची. मुलीच्या रांगेतला आकडा बघून मुलाचे वडील खूश होतात आणि पुढे पस्तावतात, हे दर वर्षी घडतं. टीएफडब्ल्यूएस हा आणखी एक चकवा. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांसाठी ५ टक्के जादा जागा, शिकवणी शुल्क माफ. सवलत आहे म्हणजे कटऑफ खाली असेल असा तर्क सगळे करतात. तो बहुतेक वेळा खुल्या गटाच्याही वर असतो, कारण जागा एका शाखेला मोजून तीन-चार आणि मागणारे हुशार.

"आता बोर्डाला कोण विचारतं?" हे अर्धं खरं आहे. नीटच्या रँकमध्ये बारावीचे गुण धरत नाहीत, पण पीसीबीत खुल्या गटाला ५० टक्के नसतील तर रँक घेऊन काय करणार? सीईटीने इंजिनिअरिंगला जायचं तर ४५ टक्के. आयआयटी-एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं लागतं. जेईई ॲडव्हान्स्ड फक्त दोनदा देता येते, तीही लागोपाठच्या वर्षांत. नीटला अशी मर्यादा नाही. सीईटीत २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, त्यामुळे अकरावी म्हणजे विश्रांतीचं वर्ष असं समजणाऱ्यांचा हिशेब तिथेच चुकतो.

दहावीला चित्रकलेच्या इंटरमिजिएटचे, खेळाचे, लोककलेचे वाढीव गुण मिळतात आणि ते अकरावीला कामी येतात. पुढे बारावीनंतर मेडिकल-इंजिनिअरिंगच्या यादीत त्यांचा मागमूस राहत नाही. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारमेकर गल्लीतलं एखादं पोर उत्तम वाजवत असेल, तर अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत त्याच्या अर्जात ती गोष्ट वजनदार ठरू शकते, कारण तिथे निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रं, छंद सगळं वाचतात. पण म्हणूनच तिथे आपली शक्यता किती हे कुणालाच नीट सांगता येत नाही. हार्वर्ड शंभरातले पाचही घेत नाही आणि नाकारलेल्यांना कारण कळत नाही. आपली पद्धत कोरडी आहे, पण आपला नंबर आणि कटऑफ दोन्ही छापील असतात.

म्हणूनच निकालानंतर फोन करून "मिरजेत सीट करून देतो" म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यावा. सरकारी कॉलेजात मॅनेजमेंट कोटा नसतो. खाजगी कॉलेजातल्या संस्थेच्या जागांनाही नीटची पात्रता लागतेच.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांची पसंतीक्रमाने भरायची यादी. इंजिनिअरिंगच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत मिळणारी जागा बहुतेक वेळा मार्कांनी नव्हे, या फॉर्मने जाते. सल्ला देणारे सांगतात, "वर मोठं कॉलेज टाकू नका, पहिला पर्याय वाया जाईल, मिळेल तेच वर टाका." हा सल्ला उलटा आहे. यंत्रणा मेरिटच्या क्रमाने एकेका मुलाकडे येते आणि त्याच्या यादीत वरून खाली उतरत, जी पहिली जागा शिल्लक दिसेल ती देते. पुण्याचं सीओईपी पहिल्या नंबरावर टाकलं आणि मिळालं नाही, तर दुसऱ्या पर्यायावरचा तुमचा हक्क तसूभरही कमी होत नाही. तिथे वालचंद दुसऱ्या नंबरावर टाकणारा, वालचंद पहिल्या नंबरावर टाकणाऱ्याच्या मागे जात नाही. फक्त मेरिट नंबर बघतात. तोटा होतो तो उलट केल्यावर. पहिला पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला की तो आपोआप फ्रीज होतो, म्हणजे तीच जागा कायम होते. २०२५पासून चार फेऱ्या झाल्या, त्यात दुसऱ्या फेरीला पहिल्या तीन पर्यायांतलं आणि तिसऱ्या फेरीला पहिल्या सहांतलं काहीही मिळालं तरी तेच. मिळालेली जागा घेतली नाही तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणजे सीओईपीच्या मेकॅनिकलपर्यंत नंबर पोचत असलेल्या मुलीने, काकांचं ऐकून, घराजवळचं साधं कॉलेज 'सेफ' म्हणून वर टाकलं, तर पहिल्या फेरीच्या संध्याकाळी तिला तेच मिळतं, आणि मेकॅनिकलची ती जागा तिच्याहून खालच्या नंबराच्या मुलाला जाते.