डोळ्यांना न दिसणारा दाह

मोठे आतडे हे आपल्या शरीरातील पाणी वाचवणारे खाते आहे. त्याची लांबी साधारण दीड मीटर. लहान आतड्याकडून त्याच्याकडे रोज सुमारे दीड लिटर पातळ द्रव येतो. पण शौचावाटे बाहेर पडते ते पाणी जेमतेम १०० मिलिलिटर! बाकीचे सारे आतड्याचे अस्तर शोषून घेते. या अस्तराचा अगदी वरचा थर पेशींच्या एकाच रांगेचा असतो. तो बिघडला, की पाणी आतड्यातच राहते आणि जुलाब सुरू होतात.

हा बिघाड बऱ्याचदा दाहामुळे होतो. आतड्याच्या दीर्घकालीन दाहाचे दोन रोग प्रसिद्ध आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरावर व्रण पडतात व शौचातून रक्त जाते. दुसरा क्रोन रोग. १९३२ साली न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे वर्णन केले. तो पचनमार्गात कोठेही होऊ शकतो. आतड्यात दुर्बीण घालून पाहिले, की या रोगांच्या खुणा बहुधा डोळ्यांना दिसतात.

आता एक कोडे पाहा. काही रुग्णांना महिनोन् महिने पाण्यासारखे जुलाब होतात, पण रक्त पडत नाही. दुर्बिणीतून अस्तर गुलाबी व नितळ दिसते. मग रोग आहे कोठे?

सूक्ष्मदर्शकाची साक्ष

दुर्बिणीतून बारीक चिमटा घालून डॉक्टर अस्तराचे तांदळाच्या दाण्याहूनही लहान तुकडे काढतात. ते मेणात बसवून त्यांचे अतिशय पातळ काप घेतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. १९७६ साली स्वीडनमधील लिंडस्ट्रॉम यांना अशा कापात वरच्या थराखाली कोलॅजेन या प्रथिनाचा जाड पट्टा आढळला. निरोगी माणसात हा पट्टा दोन-तीन मायक्रॉनांचा असतो. या रोगात तो १० मायक्रॉनांपेक्षा जाड होतो. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) दुसऱ्या प्रकारात पट्टा वाढत नाही, पण दर १०० अस्तरपेशींमागे २० पेक्षा जास्त लसीकापेशी घुसलेल्या दिसतात. या दोन्ही प्रकारांना मिळून ‘मायक्रोस्कोपिक कोलायटिस’ म्हणतात. हा रोग उतारवयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो.

एकाच आतड्यात दोन रोग?

असे क्वचित घडते. अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन रोग असलेल्या काही रुग्णांत काही वर्षांनी मायक्रोस्कोपिक कोलायटिस आढळला आहे. काहींत याच्या उलट क्रमही दिसला आहे. एक रोग दुसऱ्याला जन्म देतो, की दोन्ही एकाच मुळातून फुटतात, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

मग हे रोग वेगळे कसे ओळखायचे? अस्तरात नळीसारख्या सूक्ष्म ग्रंथी असतात. तुमच्या प्रयोगशाळेतील स्टँडमध्ये परीक्षानळ्या ओळीने उभ्या असतात ना, तशाच त्या दिसतात. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमध्ये ही ओळ सहसा मोडत नाही. जुन्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मात्र नळ्या वाकड्या, आखूड, फाटे फुटलेल्या होतात.

ही ओळख पटणे फार महत्त्वाचे आहे. समजा, एखाद्या रुग्णाचे व्रण भरून आले, पण जुलाब थांबेनात. जुनाच रोग बळावला असे समजून जहाल औषधे वाढवली, तर कदाचित ती व्यर्थ जातील. मायक्रोस्कोपिक कोलायटिसवर बहुधा ब्युडेसोनाइड हे औषध लागू पडते. कधी कधी तर काही वेदनाशामके किंवा आम्लपित्तावरच्या गोळ्या या रोगाला निमित्त होतात. डॉक्टरांनी त्या बदलल्या, की आराम पडतो. शिवाय अल्सरेटिव्ह कोलायटिस अनेक वर्षे टिकला, तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून नियमित तपासणी लागते. मायक्रोस्कोपिक कोलायटिसमुळे तसा धोका वाढत असल्याचे दिसलेले नाही.

म्हणूनच अशा रुग्णाचे अस्तर निरोगी दिसले, तरी जाणते डॉक्टर तेवढ्यावर थांबत नाहीत. ते निरनिराळ्या जागांचे तुकडे घेतात आणि निकाल सूक्ष्मदर्शकावर सोपवतात.