साचा आधी, वस्तू मागाहून

मोटारीचा देह पोलादी पत्र्याचाच असावयाचा, ही समजूत कारखानदारांच्या मनात पक्की रुजलेली होती, त्या काळी तिला पहिला हादरा बसला तो काचेच्या एका भट्टीपाशी. १९३२ साली अमेरिकेतील ओवेन्स-इलिनॉय या काचकंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडण्याच्या खटपटीत असता, दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेच्या धारेवर आदळला आणि त्या धारेचे केसाहून बारीक असे तंतू होऊन उडाले. गेम्स स्लेटर यांच्या देखरेखीखाली या आकस्मिक घटनेतून तंतुनिर्मितीची पद्धत सिद्ध झाली, १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली, आणि पुढे याच तंतूंना पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाल्यावर, साध्या हवेच्या दाबात, भट्टीवाचून आणि यांत्रिक दाबावाचून, हव्या त्या आकाराचे कणखर कवच घडवण्याची विद्या माणसाच्या हाती आली.

ही विद्या मोटारीकडे वळली ती होड्या बांधणाऱ्यांच्या मार्फत, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. १९५३ साली शेवरोले कंपनीने कॉर्व्हेट ही गाडी फायबरग्लासच्या देहात रस्त्यावर आणली, तेव्हा त्या पहिल्या वर्षी तयार झालेल्या गाड्या अवघ्या ३०० होत्या. एवढ्या थोड्या नगांसाठी पोलादी पत्रा दाबणाऱ्या अवजड डाय घडवणे परवडणारे नव्हते. या एका कारणात या साऱ्या शास्त्राचे अर्थकारण सामावलेले आहे. पोलादाची डाय घडवण्यास अतोनात खर्च येतो, पण एकदा ती घडली की पत्रा क्षणात दाबून निघतो. फायबरग्लासचा साचा अल्प खर्चात होतो, पण त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगामागे माणसाचे कित्येक तास खर्ची पडतात. म्हणून लाखांच्या संख्येने माल काढणाऱ्या कारखान्याला जे गैरसोयीचे, तेच एक-दोन नग हवे असणाऱ्या गृहस्थाच्या सोयीचे ठरते.

ज्या एका माणसाच्या उदाहरणाने घरगुती हुन्नराला खरी प्रतिष्ठा मिळाली, तो कॅलिफोर्नियातील ब्रूस मेयर्स होय. दुसऱ्या महायुद्धात बंकर हिल या विमानवाहू नौकेवरील भीषण हल्ल्यातून बचावलेला हा मनुष्य युद्धानंतर होड्या घडवण्याच्या धंद्यात शिरला, आणि १९६४ साली न्यूपोर्ट बीच येथील आपल्या गॅरेजात त्याने फोक्सवॅगन बीटलचे इंजिन व चाके यांवर बसणारा, वाळूच्या टेकड्यांवरून धावणारा एक सुटसुटीत घाट फायबरग्लासमध्ये ओतला. मेयर्स मॅन्क्स या नावाने ती गाडी विख्यात झाली. परंतु ज्या तंत्राने त्याला वर आणले त्याच तंत्राने त्याचा घातही केला. तयार देहावर मेण चोळून त्याचाच साचा काढून घेणे कोणालाही शक्य असल्याने नकला निघू लागल्या, त्याने नकलाकारांवर दावा गुदरला, आणि न्यायालयाने त्याचे पेटंटच अग्राह्य ठरवले. दुसऱ्याच्या कल्पकतेने घडलेल्या घाटावरून साचा उचलणे किती सोपे आहे, हे त्यावरून कळते, आणि सोपे असल्यामुळेच ते करण्यापूर्वी आपण कोणाचे घेतो आहोत याचा विचार अगत्याने करावा, असे मला वाटते.

आपल्या देशातही हा प्रयोग झालेला आहे. बेंगळुरूच्या सिपानी कंपनीने १९८२ च्या सुमारास ब्रिटनच्या रिलायंट किटन या गाडीवरून घेतलेली डॉल्फिन ही फायबरग्लासच्या देहाची छोटी मोटार बाजारात आणली, आणि पुढे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म ही दोन आसनांची उघडी गाडी तर आपल्या शेजारी गोव्यातच तयार होऊ लागली. संख्येने दोन्ही प्रयोग लहानच राहिले. पण मुंबईच्या खाऱ्या हवेत जुन्या फियाटचा मडगार्ड तळापासून गंजत जाताना ज्याने पाहिला आहे, त्याला न गंजणाऱ्या कवचाचे महत्त्व पटवून द्यावे लागत नाही.

आता तोच मडगार्ड आपण घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीचा, म्हणजे याच फियाटचा, पुढचा मडगार्ड हा शिकाऊ माणसाला बरेच काही शिकवणारा जिन्नस आहे, कारण त्याच्या वरच्या अंगास सुरेख गोलाई असली तरी चाकाच्या कमानीपाशी त्याची कड आत वळलेली असते. एकसंध साचा अशा वळलेल्या कडेत अडकून बसतो आणि आतली वस्तू बाहेर येण्याऐवजी दोहोंपैकी एकाला तडा जातो. सबब साचा दोन भागांत करावा लागतो, आणि जेथे दुभाग नाही तेथे प्रत्येक उभ्या भिंतीला दोन-तीन अंशांचा तरी उतार असावा लागतो.

प्रथम नमुना. गंजाने न खाल्लेला एखादा जुना मडगार्ड मिळवून त्याचे पोचे काढावेत, पुट्टीने खोलगटी भराव्यात, आणि पाण्याखाली चारशेपासून दोन हजार क्रमांकापर्यंतच्या पॉलिश पेपरने तो इतका घासावा की त्यावर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब कोठेही न मोडता सरळ दिसेल. येथे रंगाविषयी एक खबरदारी घ्यावयाची असते. रेझिनमध्ये असलेले स्टायरीन हे द्रव्य साध्या तैलरंगाला विरघळवते, त्यामुळे नमुन्यावर हार्डनर घालून कडक होणारा रंगच मारावा आणि तो पुरता मुरण्यास काही दिवसांची मुदत द्यावी. नमुन्यावर जी सुरकुती राहील ती साच्यात उतरेल, आणि साच्यात उतरलेली प्रत्येक नगात उतरेल; साच्याचा हा स्वभाव अत्यंत इमानी आहे. ज्याला चार दिवसांचे काम आहे, त्याने त्यांतील तीन नमुन्यावर आणि साच्यावर घालवावेत, हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे; कारण वस्तू ओतणे हे शेवटी एका दुपारचे काम उरते.

कमानीच्या कडेला समांतर अशी, सनमायका लावलेल्या प्लायवूडची पट्टी मळलेल्या मेणाने उभी करावी. हाच साच्याच्या दोन भागांमधला बांध. मग नमुन्यावर व पट्टीवर मेण चोळावे, वाळू द्यावे, पुसून चकाकवावे, आणि पुन्हा चोळावे. नव्या नमुन्याला असे पाच-सहा हात देण्यात जो कंटाळा करील, त्याचा साचा नमुन्याला कायमचा चिकटेल. त्यावर पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या द्रवाचा पातळ पापुद्रा फवारला म्हणजे दुहेरी बंदोबस्त होतो. एक भाग घडून सुकल्यावर पट्टी काढावी, उघड्या पडलेल्या बांधाला पुन्हा मेण द्यावे, आणि दुसरा भाग त्याला टेकूनच घडवावा. दोन्ही भाग एकमेकांशी जुळलेले असतानाच बांधातून आरपार बोल्टची भोके पाडून ठेवावीत, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी ते तसूभरही न चुकता जुळतात.

पहिला थर जेलकोटाचा, म्हणजे रंग मिसळलेल्या दाट रेझिनचा. साच्यासाठी तो काळा किंवा हिरवा अशा गडद रंगाचा निवडतात, कारण त्यावर ओरखडा चटकन नजरेस येतो. त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असावी, म्हणजे चौरस मीटरला साधारणपणे सहाशे ग्रॅम. फार पातळ राहिला तर वरून येणाऱ्या रेझिनमधील स्टायरीन त्यात घुसून पृष्ठभागाला मगरीच्या कातडीसारख्या सुरकुत्या पाडते. जेलकोट पुढच्या थरास केव्हा तयार झाला, हे बोट लावून ओळखतात: बोटाला चिकटपणा जाणवावा, पण बोटावर द्रव्य येऊ नये. हवेच्या संपर्कातला वरचा पृष्ठभाग पूर्ण कडक होत नाही, आणि हा चिकटपणाच पुढच्या थराला पकडून ठेवतो.

मग काचेची मॅट. बारीक टिश्यूचा एक थर दिल्यावर, जेथे कोपरे असतील तेथे चौरस मीटरला तीनशे ग्रॅमची आणि इतरत्र साडेचारशे ग्रॅमची मॅट घालतात. साडेचारशेच्या एका थराने जाडी सुमारे एक मिलिमीटर वाढते. मडगार्डाला असे दोन थर पुरतात, साच्याला मात्र चार-पाच हवेत. वजनाचा हिशेब आधी करून ठेवावा: एक चौरस मीटरला दोन थर म्हणजे नऊशे ग्रॅम काच, आणि तिला अडीचपट, म्हणजे सव्वादोन किलो रेझिन. ब्रशने रेझिन माखताना ब्रश ओढू नये, टिपावा. मॅटमधील बांधद्रव्य हळूहळू विरघळते, पांढरी मॅट पारदर्शक होत जाते, आणि जेथे ती पांढरी राहते तेथे हवा अडकलेली असते. ती हवा खाचांच्या लोखंडी रोलरने काठाकडे हाकून देईपर्यंत हात थांबवू नये. काचेच्या तंतूंत ताण सोसण्याचे बळ आणि रेझिनमध्ये आकार धरून ठेवण्याचे बळ असते, जसे मातीच्या भिंतीत भुसा घातल्याने दोहोंचे मिळून तिसरेच सामर्थ्य उत्पन्न होते. पण अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यापाशी हे दोन्ही पदार्थ परस्परांना धरत नाहीत, आणि पुढे उन्हात तापल्यावर नेमके तेथेच रंगाखाली फोड येतात.

या कामातील खरा धोका दोन बाटल्यांत असतो. रेझिनला गती देणारा कोबाल्ट आणि त्याला कडक करणारा हार्डनर, म्हणजे एमईकेपी हा पेरॉक्साइड, ही दोन द्रव्ये एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, कारण तसे केल्यास भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पुरता ढवळून घ्यावा, आणि मगच हार्डनर घालावा. त्याचे प्रमाण रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला दहा ते वीस ग्रॅम. हा हार्डनर डोळ्यांत गेल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून चष्मा लावल्याखेरीज त्याची बाटली उघडण्याची मुभा कोणीही घेऊ नये. घट्ट होताना रेझिन उष्णता सोडते. साच्यावर पसरलेल्या पातळ थरातून ती निघून जाते, पण बादलीत उरलेले रेझिन आपल्याच उष्णतेने धुमसू लागते. यामुळे एका वेळी हाताला झेपेल एवढेच कालवावे, उरलेले पत्र्यावर पसरून मोकळ्यावर ठेवावे, आणि अॅसिटोनने ओले झालेले बोळे ढिगात साठवू नयेत. स्टायरीनच्या वाफेसाठी कोळशाच्या गाळणीचा मुखवटा हवा, साधा रुमाल तिच्यापुढे निरुपयोगी आहे. लहान शेडमध्ये उघड्या अंगाने, नाकावर काहीही न बांधता दिवसभर हे काम करणारी मुले पाहिली की मन उद्विग्न होते. मुखवट्याची किंमत रेझिनच्या एका डब्यापेक्षा जास्त नाही, आणि मालकाने ती देण्यात हयगय करावी याला कसलेही समर्थन नाही.

हवामानाचाही अंमल या कामावर चालतो. वैशाखाच्या उन्हात तेच मिश्रण कितीतरी आधी आटते, म्हणून हार्डनर कमी घेऊन सकाळी लवकर काम उरकावे. थंडीत पंधरा अंशांखाली ते नीट कडकच होत नाही. कोकणातील पावसाळ्यात मॅट हवेतील ओल शोषून घेते आणि कितीही रोलर फिरवला तरी थर धुरकट राहतो. ज्याला घाई नाही त्याने तो काळ नमुना घासण्यासाठी राखून ठेवावा. आणि घाई असेलच, तर मॅट आधी उबदार खोलीत उलगडून सुकवून घ्यावी.

थर घालून काही तास झाले की कवच चामड्यासारखे चिवट होते, आणि याच अवस्थेत बाहेर लोंबणारी कड धारदार सुरीने साच्याच्या काठाशी कापून घ्यावी. ही वेळ टळली म्हणजे करवत आणि तिच्याबरोबर उडणारी काचेची धूळ नशिबी येते. अशी धूळ अंगावर बसली तर चोळू नये, थंड पाण्याने धुवावी. नग साच्यातून काढण्यास चोवीस तासांची, आणि साचा नमुन्यावरून काढण्यास शक्य असल्यास आठवड्याची मुदत द्यावी. पॉलिएस्टर कडक होताना आकुंचते, अर्धवट मुरलेला साचा नमुन्यापासून सुटताच वाकडा होतो. तो सुटण्यापूर्वीच त्याच्या पाठीवर लाकडी फासळ्या मॅटने जोडून घ्याव्यात. काढताना लोखंडी पाचर वापरू नये. प्लास्टिकची पाचर, वाऱ्याचा झोत आणि काठातून ओतलेले कोमट पाणी पुरते, कारण पाण्याने पीव्हीएचा पापुद्रा विरघळून वस्तू आपोआप सुटते.

मडगार्ड बसवताना बोल्टच्या जागी कवचात धातूच्या पट्ट्या आधीच गाडलेल्या असाव्यात, नाहीतर गाडीच्या थरथराटाने भोके रुंदावत जातात. तसेच आपल्या हुन्नराची मर्यादा कबूल करावी: मडगार्ड, बॉनेट, दिव्यांच्या चौकटी ही कवचे घरी घडवण्याजोगी आहेत, पण आसनपट्ट्याचे आधार, चॅसिस, अपघातात धक्का सोसणारे भाग यांना हात लावू नये. कायद्याची बाजूही पाहावी. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ उत्पादकाने नमूद केलेल्या मूळ रचनेत फेरफार करण्यास मनाई करते, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणेच लावला. मूळ घाटाचा मडगार्ड मूळ जागी बसवणे एक, आणि गाडीचे रूपच पालटणे दुसरे. ज्याला दुसरे करावयाचे आहे त्याने साचा घडवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.

साचा जपला तर त्यातून पुष्कळ नग निघतात. प्रत्येक खेपेला नवा मेणाचा हात द्यावा, खरचटलेली जागा बाराशेच्या पेपरने घासून पुन्हा चकाकवावी, आणि तो रिकामा न ठेवता शेवटचा नग त्यातच बसवून, दोन्ही भाग बोल्टने आवळून, उन्हापासून दूर आडवा ठेवावा, म्हणजे पुढच्या खेपेपर्यंत त्याचा आकार बिघडत नाही.